गॅझेटमामांची चिठ्ठी

गॅझेटमामांना माणसाचा पत्ता कधी सांगता आला नाही. शेजारच्या गल्लीतलं डॉक्टरांचं घर त्यांना ठाऊक नसे, आणि सख्ख्या साडूचा फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे हे ते दर वेळी खाली उभं राहून फोन करून विचारत. सरकारने छापलेला कागद कुठे मिळेल, हे मात्र खुर्चीवरून न उठता सांगत. "बजेटचं पुस्तक पायजे? नागपूरले जाय, सरकारी पुस्तकाच्या दुकानात. बाराच्या आत जाय, मंग ते जेवाले उठतात. शासन निर्णय? तो वेबसाईटवर हाये, पण त्याचा सांकेतांक घेऊन जाय, नाही तं दिवसभर बसशीन. जुना जिल्हा गॅझेटिअर? तो आता इकत भेटत नाही. तो माह्यापाशी हाये." हे शेवटचं वाक्य म्हणताना ते चष्मा कपाळावर चढवत आणि समोरच्यावर काय परिणाम झाला ते बघत.

मामा गेले त्याला आता वर्ष होईल. वाचनालयाची स्मरणिका निघते आहे, तिच्यासाठी सचिवांनी मला फोन करून चार गोड ओळी मागितल्या. चार ओळींत मामा बसत नाहीत. आणि गोडही होणार नाही, कारण या माणसाने माझ्या आईचा केसाने गळा कापला. तरी लिहायला बसले, की आधी त्यांचा तो कपाळावरचा चष्माच आठवतो, याचाही मला राग येतो.

आमच्या गावाला नगरपरिषद आहे, म्हणून त्याला शहर म्हणायचं. मलकापूरहून एसटीने तासाभराचा रस्ता. बसस्टँडच्या मागे टिनाच्या छपराचं सार्वजनिक वाचनालय होतं आणि मामा तिथले ग्रंथपाल. शिपाई आणि झाडूवालाही तेच. पुढच्या खोलीत पेपर, पेपर वाचणारे म्हातारे आणि एक पंखा. मागच्या खोलीत मामांचा खरा संसार होता. राज्य शासनाची राजपत्रं, अमरावती विभागाच्या पुरवण्या, जनगणनेची पुस्तकं, अधिनियम, कुठल्या कुठल्या समित्यांचे अहवाल. वर्षावर्षाचे गठ्ठे लाल कापडाच्या बासनात बांधून फळ्यांवर लावलेले. पावसाळ्यात छप्पर गळायचं. मग मामा फळ्यांवर ताडपत्री टाकून स्वतः खाली डोक्यावर गोणपाट घेऊन बसत. त्यांच्या बायकोने एकदा विचारलं, आपल्या घरचंही छप्पर गळतंय, ते कोण बघणार? मामा म्हणाले, "घरातलं भिजलं तं दुसरं आणता येते. हे भिजलं तं सरकारले बी दुसरं भेटत नाही."

त्यांचा नियम तीन शब्दांचा होता आणि तो त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून लावला होता: वाचा, उतरवा, ठेवा. मागच्या खोलीतला कागद बाहेर न्यायचा नाही. फोटो काढायचा नाही. झेरॉक्स तर नाहीच, जुना कागद त्या उजेडाने मरतो असं त्यांचं मत होतं. हाताने उतरवून घ्यायचं आणि जिथून काढलं तिथे परत ठेवायचं. एकदा रोहिणखेडचे एक चाचा आले. त्यांच्या गावच्या जुन्या मशिदीबद्दल इंग्रजांच्या वेळच्या पुस्तकात काही लिहिलं आहे, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मामांनी गॅझेटिअर काढला, पान उघडलं, आणि चाचांना चष्मा नाही म्हणून स्वतःचा दिला. मग स्वतः आंधळ्यासारखे बसून राहिले. चाचांनी नातवाच्या वहीत दुपारभर उतरवून घेतलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, नुसती अक्षरं काढत होते. मामा म्हणाले, "काही हरकत नाही. नातू वाचून सांगन. कागद जाग्यावर असते, माणूसच जाग्यावर नसते." हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून दोनदा तरी व्हायचं.

पण गावात मामांचं नाव झालं ते चिठ्ठ्यांमुळे. राजपत्राची विभागीय पुरवणी गुरुवारची. आधी टपालाने येई, उशिरा येई, आणि आली नाही तर मामा मलकापूरच्या पोस्ट ऑफिसपर्यंत जाऊन भांडून येत. ती हातात पडली की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे, हातात तांबडी-निळी पेन्सिल. आपल्या तालुक्यातल्या गावाचं, गटाचं, माणसाचं नाव दिसलं की तांबडी खूण. मग लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून ठेवलेल्या असत, त्यावर चिठ्ठी. मजकूर ठरलेला: "आपले नाव पुरवणीत आले आहे. येऊन वाचणे." खाली सही. ही चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे, दूधवाल्याकडे, बाजाराला आलेल्या कोणाकडेही देत, आणि ती पोचायची. काय आलंय ते चिठ्ठीत कधीच नसे. मी विचारलं होतं, मामा, तिथेच दोन ओळी लिहून टाकायला काय जातं? तर म्हणाले, "मी काऊन लिहू? मी सांगतलं का मंग माह्यावर इस्वास ठेवतीन. माह्यावर नाही ठेवायचा, कागदावर ठेवायचा."

लोकांनी काय केलं? मामांवरच ठेवला. आमच्या तालुक्यात सरकारी सूचनेचा अर्थच असा झाला होता, की मामांची चिठ्ठी आली तर सूचना आहे, नाही आली तर नाही. तलाठ्याने सांगितलं तरी लोक म्हणत, थांबा, मामाची चिठ्ठी येऊ द्या.

आम्हालाही एक आली होती. माझे वडील मी सहावीत असताना गेले. त्यांच्या मागे गावाला लागून एक एकराचा मळा, त्यात विहीर, आणि आई. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, उन्हाळ्यात काकडी. आई पहाटे तोडायची आणि बाजारात गोणपाट टाकून बसायची. मी दहावीत होते तेव्हा दूधवाल्याने चिठ्ठी आणून दिली. आई ती घेऊन तशीच, हाताला माती घेऊन वाचनालयात गेली, मी तिच्या मागे. वळणरस्त्याची सूचना होती आणि रस्ता आमच्या विहिरीवरून जात होता. हरकत घ्यायला बारा दिवस उरले होते. मामांनी अर्ज लिहून दिला नाही, कसा लिहायचा ते मला सांगितलं, आणि मी लिहिला. माझ्या आयुष्यातला पहिला अर्ज. सुनावणीला आई स्वतः उभी राहिली. रस्ता पलीकडच्या पडीक जमिनीतून गेला आणि विहीर राहिली.

त्या दिवाळीला आईने मामांना भाऊबीजेला बोलावलं. तिला भाऊ नव्हता. तेव्हापासून गावाचे गॅझेटमामा माझे खरेच मामा झाले. दर भाऊबीजेला ते धुतलेलं धोतर नेसून येत, पाटावर बसत, आणि ओवाळणीत काय टाकत तर एक नवी कोरी डायरी, सरकारी, ज्यात सुट्ट्यांची यादी छापलेली असे. आई बिचारी त्यात बाजाराच्या दिवशी काय नेलं ते मोडक्या अक्षरात लिहायची. दर गुरुवारी मामांच्या घरी आमच्या मळ्यातली मेथीची पहिली जुडी जायची. गुरुवारीच का, तर त्या दिवशी ते वाचण्यात जेवायला उशीर करतात आणि मेथीची भाजी गार झाली तरी चांगली लागते, असं आईचं म्हणणं.

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यांच्या मागच्या खोलीत केला. बाहेर पोरं गाइडं पाठ करत, मी अहवाल वाचायचे. मामांनी मला शोधायला शिकवलं. "भाग, विभाग, तारीख. तीन गोष्टी ठाव्या असल्या का सरकार तुह्यापासून कागद लपवू शकत नाही." पुढे राजपत्र कॉम्प्युटरवर यायला लागलं आणि छापील पुरवणी बंद झाली, तेव्हा मामा महिनाभर रुसले होते. मग मीच त्यांना फोनवर ते पान उघडून दिलं. त्यांनी ते बोटाने वर-खाली केलं आणि म्हणाले, "हे तं जाग्यावर राहतच नाही." पण शिकले. दर गुरुवारी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन अख्खी पुरवणी छापून आणायची, शिवायची आणि फळीवर ठेवायची, हा क्रम शेवटपर्यंत चालला. तांबडी-निळी पेन्सिलही चालली आणि चिठ्ठ्याही.

मला नोकरी लागली आणि लोणारला नेमणूक मिळाली. निघताना मामांच्या पाया पडले तर म्हणाले, "जाय. इकडची काळजी नको करू, मी हाओ ना." मी काळजी केली नाही. हे माझं चुकलं आणि ते मी कोणावर ढकलत नाही. मी सरकारी कारकून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच कागदांत बसलेली. गुरुवारी दोन मिनिटं फोनवर आपल्याच विभागाची पुरवणी बघायला मला काय झालं होतं? पण मामा असताना आपण कशाला बघायचं, असं वाटायचं. डोळे झाकून विश्वास म्हणतात तो हाच.

तिथे तिसरं वर्ष चालू असताना एका मंगळवारी आईचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. मोजणीवाले आले होते म्हणाली, मळ्यात चुन्याची फक्की टाकत होते. मी विचारलं, कशाची मोजणी? "काही तरी आरक्षण म्हणे. म्या त्याहिले चहा पाजला अन् वापस धाडलं. म्हटलं, काही तरी चुकलं तुमचं, आमच्या भावाची चिठ्ठी आली नाही." हे तिने मला हसत सांगितलं. मोजणीवालेही हसले असतील.

मी ऑफिसातच फोन काढला. भाग, विभाग, तारीख. तारीख ठाऊक नव्हती म्हणून मागे मागे जात राहिले. दोन वर्षं आणि काही महिने मागे ती सापडली. आमच्या शहराची प्रारूप विकास योजना, हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत, सोबत आरक्षणांची, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनींची, यादी. यादीत आमचा गट नंबर. त्यापुढे लिहिलं होतं: सार्वजनिक वाचनालय व अभ्यासिका. मी ते तीनदा वाचलं. नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर महिनाभर लागला होता, तिथून दोन गल्ल्यांवर आई भाजी विकत होती. पेपरातही चार ओळी आल्या होत्या म्हणे, मंगल कार्यालयाच्या जाहिरातीखाली. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. मुदत कधीच संपली होती, योजना मंजूर झाली होती, आता हरकत घ्यायला जागा उरली नव्हती.

तरी मला वाटलं, मामांकडून नजरचुकीने राहून गेलं असेल. वय झालं, छापलेलं बारीक असतं. एसटीत बसून मी त्यांच्यासाठी कारणं शोधत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात गेले, मागच्या खोलीत जाऊन तो अंक काढला. फळीवर बरोबर जागच्या जागी होता. उघडला. आमच्या गट नंबरासमोर तांबडी खूण होती.

मामा दारात उभे होते. मी म्हटलं, "मामा, हे तुम्ही वाचलं होतं."

"हाव."

"मग चिठ्ठी?"

ते आत आले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कागद जाग्यावरच होता पोरी. म्या लपवला नाही. तुमी कोणी येऊन इचारलंच नाही."

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. लाज वाटण्यासारखं होतं, पण मला लाज वाटत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं. वाचनालयाचे अध्यक्ष त्यांच्याकडे आले होते. इमारतीला मंजुरी आहे, निधी आहे, फक्त जागा हवी. ही एक जागा बसस्टँडजवळ आहे, सपाट आहे, महिनाभर हरकत आली नाही तर पक्की. अध्यक्षांनी गप्प राहा असं म्हटलं नव्हतं. तेवढं म्हणाले, की मामा, छप्पर आता तुमच्या हातात आहे. "मले झोप नाही लागली व," मामा म्हणाले. "त्या पावसाळ्यात दोन वर्षाचे गठ्ठे भिजून लगदा झाले होते. म्या हातानं उचलून टाकले. मेथी काय, दुसऱ्याच्या वावरात बी होते. हे नाही होत."

"आणि विहीर?"

त्यावर ते चष्मा काढून पुसत बसले.

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई वांगी निवडत होती. ती निवडतच राहिली. सगळी निवडून झाल्यावर म्हणाली, "कुंपनानंच शेत खाल्लं तं कोनाले सांगाव." पुन्हा त्याबद्दल एक शब्द नाही. मीच रडले, मीच भांडले, मीच वकिलाकडे जाऊन आले आणि हात हलवत परत आले. मोबदला नियमाप्रमाणे मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. गुरुवारची मेथी मात्र आईने त्याच आठवड्यापासून बंद केली.

मला वाटलं होतं, त्या भाऊबीजेला ते येणार नाहीत. आले. धुतलेलं धोतर, बगलेत डायरी. मी दार लावून घेणार होते, आईने मला बाजूला केलं. पाट मांडला, रांगोळी काढली, टिळा लावला, ओवाळलं. मामांनी तबकात डायरी ठेवली, ती आईने उचलून त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

"हे नको भाऊ. माही चिठ्ठी द्या."

मामांनी डायरी मांडीवरून खाली ठेवली.

"माह्या नावाची. तुमी लेहली असन. तुमाले लेहल्याबिगर राहवत नाही."

मला हे सुचलंच नव्हतं. मी कारकून, मी शोधणारी, मी तारखा लावणारी, आणि या बाईने भाजी निवडता निवडता तो माणूस पुरता ओळखला होता. मामांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. पाकिटात घडी घातलेला लग्नपत्रिकेचा तुकडा होता, घडीवर चिरत आलेला. दोन वर्षं खिशात होता तो. त्यांनी तबकात ठेवला. आईने मला वाचायला लावलं. "आपले नाव पुरवणीत आले आहे. येऊन वाचणे." खाली सही. तारीख त्याच गुरुवारची.

"भेटली," आई म्हणाली. "आता तुमचं माहं काही राह्यलं नाही." तिने तबक उचललं आणि ती आत गेली. मामा तसेच उठून गेले, चपला घालायलाही त्यांना वेळ लागला. फराळाचं ताट तिथेच राहिलं. त्यानंतर त्यांनी आमच्या घराचा उंबरठा चढला नाही.

इमारत झाली. चांगली झाली, हे खोटं कशाला बोलू. स्लॅब आहे, गळत नाही, पोरं अभ्यासाला बसतात. मामांचे गठ्ठे लोखंडी कपाटांत गेले. मामा तिथे दोन पावसाळे बसले. लोक सांगतात, पाऊस सुरू झाला की सवयीने वर बघायचे. चिठ्ठ्या लिहिणं मात्र त्यांनी भाऊबीजेनंतर सोडलं होतं. पेन्सिल हातात घ्यायचे, खूण करायचे, आणि चिठ्ठी लिहायची वेळ आली की अंक मिटून फळीवर ठेवून द्यायचे. मग त्या वर्षांत तालुक्यात किती जणांच्या मुदती निघून गेल्या, कोणाला ठाऊक. शेवटी ते आजारी पडले तेव्हा मी लोणारहून आले नाही. आई त्यांना भेटायला गेली. तिथे काय बोलली ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता गुरुवारी मी पुरवणी बघते. आमच्या जुन्या तालुक्यातलं नाव दिसलं तर फोन करते, आणि काय आलंय ते सगळं सांगते, शेवटच्या तारखेसकट. लोक म्हणतात, तू मामांचं काम चालवलंस. मी त्यांना म्हणते, मला मामा म्हणू नका, आणि माझ्यावर विसंबूनही राहू नका.

स्मरणिकेसाठी फोन आला त्या दिवशी मी आईला विचारलं, मामांवर लिहू का? ती उठली, तुरीच्या डाळीच्या डब्यात हात घालून ती चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "लेही. अन् हे घे, याच्या जाग्यावर ठिव. घरात ठिवलं तं मले रोज दिसते."

गेल्या रविवारी जाऊन ठेवून आले. वाचली होती, इथे उतरवली, आणि ठेवली, त्यांच्याच नियमाने. कोणाला बघायची असेल तर पत्ता सांगते. नवीन वाचनालय, आतली खोली, डावीकडून तिसरं कपाट, वरून दुसरी फळी, अमरावती विभागाच्या पुरवण्या, त्यातला तांबडी खूण असलेला अंक. कपाट सापडलं नाही तर आईला विचारा. त्याच्या खाली आमची विहीर आहे.